खासरा पत्रकातील ओळ

बीड जिल्हा १ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबई राज्यात आला. तोवर तो हैदराबाद राज्यात होता. त्या काळातले १९५४-५५ चे खासरा पत्रक म्हणजे गावच्या जमिनीचा लांबलचक तक्ता: सर्व्हे नंबर, क्षेत्र, खातेदार, कब्जेदार, सारे एका ओळीत.

पुढे सातबारा आला आणि ती ओळ सुटी झाली. गाव नमुना सातमध्ये हक्क, बारामध्ये पिके. प्रत्येक जमिनीचे स्वतंत्र पान. आज प्रोग्रामर एक्सेलच्या ओळीपासून ‘ऑब्जेक्ट’ घडवतो, तेच काम तलाठ्याने टाकाने केले!

जोखीमही तीच. कुळाचे नाव आता ‘कुळ, खंड व इतर अधिकार’ या रकान्यात जायचे. ते उतरवायचे राहिले, तर कसणारा माणूस कागदावरून पुसला जाई. २०१८ पासून सातबारा डिजिटल स्वाक्षरीसह मिळतो. तरी जुना वाद उभा राहिला की वकील आधी खासऱ्याची नक्कल मागतात.