हौसेचं माप

आमच्या घरी माणूस गेला की दहाव्या-तेराव्याला जमलेल्या मंडळींत त्याने काय कमावलं यावर फार बोलणं होत नाही. काय राहून गेलं यावर होतं. पणजोबांचा वाघ राहिला. आबांची खडशी राहिली. तात्यांना, म्हणजे माझ्या वडिलांना, सुळेवाल्या एकांड्या डुकराने हुलकावणी दिली ती दिलीच. पुणे जिल्ह्यातल्या मुळशी खोऱ्यातलं आमचं घराणं. भात, नाचणी, वरी ही कामं. पारध आणि मासेमारी ही हौस. पण हौस म्हटली तरी ती जन्मभर उराशी धरलेली.

पणजोबांच्या वाघाची गोष्ट मी आबांच्या तोंडून इतक्यांदा ऐकली, की त्या खिंडीतला दगडनदगड मला ठाऊक आहे. पणजोबांकडे ठासणीची बंदूक होती. ती भरायची म्हणजे एक विधीच. आधी नळीत दारू ओतायची, वर चिंधीचा बोळा, मग शिशाची गोळी, पुन्हा बोळा. गजाने ठासत राहायचं. टाकलेला गज नळीतून आपसूक उसळून वर आला की बार पक्का बसला असं समजायचं. शेवटी घोड्याखाली टोपी. हे सगळं एका बारासाठी. तो फुकट गेला तर दुसरा भरेपर्यंत जनावर डोंगरापार.

इंग्रज सरकार तेव्हा वाघ मारणाऱ्याला बक्षीस देई. पण पणजोबांना बक्षिसाची नव्हे, नावाची भूक होती. एका हाक्यात खालून पोरं डबे बडवत, आरोळ्या ठोकत वर येत होती आणि पणजोबा खिंडीवर बसले होते. डुक्कर येईल म्हणून बसले होते, आला वाघ. त्यांनी चाप ओढला. रात्रीच्या दवाने दारू सर्दावलेली. टोपी नुसतीच वाजली. “त्यानं मान वळवून तुझ्या पणज्याकडं बघितलं, आन् गेला की रं चालत,” आबा सांगत. पळत नव्हे, चालत. या एका शब्दावर आबा दरवेळी थांबत. पुढे पणजोबा वीसेक वर्षं जगले. वाघ पुन्हा दिसला नाही.

आबांना मात्र वाघाची हौस कधीच नव्हती. लहानपणी मला वाटे, आबा भित्रे असावेत. खरी गोष्ट वेगळी होती. आबा हाती बंदूक धरण्याच्या वयाचे झाले तोवर आमच्या बाजूला वाघ नावापुरताच उरला होता. जे डोळ्यांनी पाहिलं नाही, त्याची तहान लागत नाही.

आबांची तहान नदीत होती. खडशी म्हणजे दख्खनचा महसीर. जाड ओठ, तोंडापाशी मिशांच्या दोन जोड्या, पाठीवर मोठमोठे खवले, उन्हात कुशीवर सोनेरी झाक आणि परांना निळसर छटा. विज्ञानाच्या दप्तरात या माशाची नोंद झाली तीही आमच्याच नदीवरून. कर्नल विल्यम साईक्स हा मुंबई सरकारचा संख्याशास्त्रीय अहवाल लिहिण्यासाठी १८२४ साली नेमलेला अधिकारी. दख्खनभर फिरताना त्याने पिकं, पाऊस, पक्षी, मासे सगळ्यांची टिपणं काढली. पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेत मिळालेल्या माशावरून त्याने १८३९ साली या जातीचं वर्णन छापलं. माशांची नावं त्याने इथल्याच लोकांच्या तोंडून उचलली. म्हणून शिंगटी, घोगरा, मल्या ही मासळीबाजारातली मंडळी आजही जगाच्या शास्त्रीय याद्यांत जवळपास त्याच नावांनी बसलेली आहेत. एखाद्या भोयाने साहेबाला हातात मासा धरून नाव सांगितलं असणार; त्या भोयाचं नाव कोणी लिहिलं नाही.

धरणाआधीच्या नदीचं आबा वर्णन करत ते डोहांच्या नावांनी. प्रत्येक डोहाला नाव, प्रत्येकाची खोली ‘किती पुरुष’ अशी मोजलेली. डोहावर उंबर झुकलेला असला की तिथे खडशी ठरलेली, कारण पिकलं उंबर पाण्यात पडलं की ती वर येऊन गिळते. म्हणून आबांच्या गळाला कधी उंबर, कधी नाचणीच्या पिठाचा घट्ट मळलेला गोळा. तीन-चार किलोची खडशी त्यांनी कितीतरी वेळा काढली. त्यांना हवी होती ती ‘थोरली’. ती एकदाच लागली, जाळ्याला. जाळं फाडून गेली आणि मागे एक खवला ठेवून गेली. हा खवला आबांनी चंचीत, सुपारी-चुन्याशेजारी, जन्मभर बाळगला. मी तो हातात घेऊन पाहिलेला आहे. तळहाताच्या खळग्यात बसेल एवढा, कडेला पिवळट, आणि उजेडासमोर धरला की त्यावर एकाबाहेर एक बारीक वलयं. अभ्यासक अशा वलयांवरून माशाचं वय काढतात. आबांना ते माहीत नव्हतं, तरी बोट फिरवत म्हणत, “लई पावसाळं बघितल्यालं बेणं हे.”

आणि या थोरलीचा पत्ताही त्यांना ठाऊक होता. गावाच्या वरच्या अंगाला देवाचा डोह होता. तिथे गळ नाही, जाळं नाही, पाण्यात चूळसुद्धा भरायची नाही. असे डोह महाराष्ट्रात आजही आहेत. महाडजवळ वाळणकोंडीला वरदायिनी देवीच्या आश्रयाने महसीर निर्धास्त फिरतात. देहूला इंद्रायणीच्या डोहातले मासेही वारकऱ्यांनी असेच सांभाळले. आबांचं म्हणणं, थोरली खडशी देवाच्या डोहातच वाढते आणि पुराच्या पाण्यात कधीतरी खाली उतरते. उतरली की आपली, वर असली की देवाची. पारधीलाही हाच न्याय होता. देवराईत शिरलेल्या सांबरामागे कुत्री सोडायची नाहीत. बाहेर पडलं तर बार काढायचा. मग वाटे पडायचे: ज्याचा बार त्याला मानाचा वाटा, हाकेकऱ्यांना सारखा, आणि कुत्र्यांचाही एक.

मग धरण आलं. मुळा आणि निळा या नद्यांच्या संगमाजवळ टाटांनी बांधायला घेतलेल्या या धरणाविरुद्ध १९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मुळशीचा सत्याग्रह उभा राहिला. बावन्न गावांच्या जमिनींचा प्रश्न होता. लढा १९२४ पर्यंत चालला आणि हरला. १९२७ पासून मुळेचं पाणी सह्याद्री फोडून पश्चिमेला भिऱ्याच्या वीजघरात उतरू लागलं. बंगालच्या उपसागराकडे जाणारं पाणी कोकणात वळलं. आमच्या गावाची शेतं गेली, घरं गेली, आम्ही वरच्या टेपावर आलो. मुळशीचा इतिहास लिहिणाऱ्यांनी शेतांची मोजदाद केली, ते योग्यच. पण आबांच्या यादीत पहिलं नाव डोहांचं असे. देवाचा डोहही तळ्याच्या पोटात गेला. पाणी वाढलं तरी डोह संपला. कारण इथून पुढे पाणी आपलं-देवाचं असं वाटलेलं राहिलं नाही, सगळं सरसकट धरणाचं झालं.

धरण आणि रस्त्याच्या कामांबरोबर सुरुंगाची दारूही खोऱ्यात आली. सुरुंगाने किंवा विष कालवून मासे मारायला १८९७ च्या कायद्यानेच मनाई होती, पण त्या काळी कायदा पुण्यात आणि पाणी इथे. आबा सांगत, एकेका बाराला पांढऱ्या पोटांचा खच तरंगायचा, त्यात बोटभर पिल्लंच जास्त. आबांनी स्वतः सुरुंग कधी लावला नाही. त्यांना थोरली हवी होती, आणि थोरली गळाला नाहीतर जाळ्यालाच लागली पाहिजे हा त्यांचा हट्ट.

तात्यांच्या वाट्याला आलं ते आणखी कमी. मुंबई राज्यात १९५१ साली वन्य प्राण्यांच्या आणि पक्ष्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला, १९७२ साली देशभराचा वन्यजीव संरक्षण कायदा आला. तात्यांची बंदूक काडतुशी होती, परवाना पीकसंरक्षणाचा. सांबर-भेकराचं नाव काढायची सोय राहिली नाही. डुक्कर मारायचं तरी वनखात्याची परवानगी. कायद्यावर तात्या चिडत, पण एकदा म्हणाले, “चिडून काय करू? हाक्याला माणसं जमली तरी निघतं काय? दोन ससं आन् एक मोर.” मोर मारणार कोण!

म्हणजे पणजोबांना वाघ, आबांना खडशी, तात्यांना डुक्कर. लहानपणी ही मला तीन माणसांच्या स्वभावांची यादी वाटायची. आता ती खोऱ्याचा ताळेबंद वाटते. डॅनियल पॉली या मत्स्यशास्त्रज्ञाने १९९५ साली असं मांडलं, की प्रत्येक पिढी आपल्या तरुणपणी पाहिलेलं वैभव हेच पुरेपूर धरून चालते आणि घट तिथून पुढे मोजते. आधी काय गेलं ते हिशोबातच येत नाही. तो बोलला समुद्रातल्या माशांबद्दल. मला आमचे तिघे आठवले. म्हणून म्हाताऱ्यांच्या बाता मी खोट्या म्हणून टाकून देत नाही. त्यांतला फुगवटा वजा करायचा आणि उरेल ते टिपून ठेवायचं. आबा थोरलीला ‘माणसाएवढी’ म्हणत. म्हैसूरच्या व्हॅन इंगेन घराण्यातल्या एकाने १९४६ साली काबिनी नदीत गळाने १२० पौंडांचा, म्हणजे सुमारे ५४ किलोंचा महसीर काढल्याची नोंद आहे. तो वेगळ्या जातीचा. आमची खडशी तेवढी होत नाही. तेव्हा ‘माणसाएवढी’ कापून ‘पोराएवढी’ करू. पण खवला काही बात मारत नाही.

गंमत अशी, की ज्या टाटांच्या भिंतींनी आमच्या नद्या अडवल्या, त्यांच्याच लोणावळ्याजवळच्या वळवण तलावाकाठी खडशीला जगवायचं काम झालं. मत्स्यव्यवसाय खात्याचे संचालक राहिलेले डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांनी १९७० च्या आसपास या माशाच्या प्रजननाचा बारकाईने अभ्यास केला. पावसाळ्यात तलावातून ओढ्याकडे चढणाऱ्या माद्यांचं पोट हलक्या हाताने दाबून अंडी घ्यायची, नराचं रेत त्यात मिसळायचं, आणि अंडी वाहत्या पाण्याच्या ट्रेमध्ये ठेवायची. तीन-चार दिवसांत अंडी फुटतात. मी तो ट्रे वाकून पाहिला आहे. इवली पिवळी पिल्लं उजेड चुकवत कोपऱ्यात डोकी खुपसून दाटीने पडलेली, आणि शेपट्या मात्र अखंड वळवळत होत्या. अंड्यातून निघाल्यानिघाल्या पहिली धडपड लपायची. ओढ्यात असती तर गोट्यांच्या फटीत शिरली असती. एकेकाळी संकटग्रस्त गणली गेलेली ही जात पुढे जागतिक लाल यादीत निर्धोक गटात आली, याचं मोठं श्रेय या कामाला दिलं जातं.

पण या गोष्टीचा शेवट एवढा गोड नाही. ही बोटुकली देशभर गेली, कावेरीतही सोडली गेली. तिथला मूळ रहिवासी म्हणजे पाठीवर वशिंड असलेला अजस्र महसीर, काबिनीतला तो विक्रमी मासा त्याच जातीचा. आज कावेरीत आमची निळ्या परांची खडशी जागोजाग आहे आणि तो मात्र अतिसंकटग्रस्तांच्या यादीत आहे. वाईट हेतूने कोणी काही केलं नव्हतं. नद्या माशांनी भराव्यात ही हौसच होती. मारण्याच्या हौसेला मर्यादा लागते हे आपण शिकलो. भरण्याच्या हौसेलाही लागते, हे कावेरीने शिकवलं.

माझा पुतण्या हिंजवडीत नोकरी करतो. शनिवार-रविवारी रॉड आणि रीळ घेऊन तळ्याकाठी जातो. दहा किलोंची खडशी काढायची, वजन करायचं, फोटो काढून सोडून द्यायची, हे त्याचं आयुष्यातलं ध्येय. आबांना हे कळलंच नसतं. सोडायचीच तर धरायची कशाला, असं म्हणाले असते. मला पुतण्याचं कौतुक वाटतं, पण त्याच्या ध्येयात एक जागा रिकामी दिसते. तळं त्याला सगळं एकच वाटतं. जिथे परवानगी मिळेल तिथे तो गळ टाकतो. आबांच्या हौसेला एक हद्द होती आणि ती हद्द होती म्हणूनच तिच्यापलीकडे थोरली वाढत होती. देवाचा डोह नसता तर आबांना लहान माशांवरच हौस भागवावी लागली असती. परवा पुतण्याने नवं रीळ दाखवायला आणलं तेव्हा मी त्याला म्हणालो, “किती किलोची पाहिजे ते मागाहून ठरव. तुम्ही गळ टाकणारी पोरं मिळून आधी हे ठरवा, की वरच्या ओढ्याच्या तोंडाशी कोणीच टाकायचा नाही.” त्याने विचारलं, तिथे देव कुठला आहे? मी म्हटलं, नाही. म्हणून तर तुम्हाला ठरवावं लागणार.