वायुवाहिनीतील दोन दवबिंदू

नैसर्गिक वायू थंड होत असताना ज्या तापमानाला त्यातील बाष्पाचा पहिला अंश द्रवरूप होतो, त्याला दवबिंदू म्हणतात. परंतु या वायूत पाण्याच्या वाफेबरोबरच पेंटेन, हेक्सेन यांसारखी जड हायड्रोकार्बनेही असल्यामुळे त्याचे दोन दवबिंदू संभवतात, आणि त्यांच्या मापनाचा इतिहास बव्हंशी ही दोन दवे वेगळी ओळखण्याच्या खटपटीचा आहे.

मोकळ्या हवेचा दवबिंदू मोजण्यासाठी डॅनियलने 1820 मध्येच ईथरने थंड होणारे आर्द्रतामापक तयार केले होते. उच्च दाबाखालील वायूसाठी मात्र तशा साधनाची निकड अमेरिकेत लांब पल्ल्याच्या वाहिन्या पडेपर्यंत भासली नाही. वायूचे तापमान पाण्याच्या गोठणबिंदूच्या वर असतानाही या वाहिन्या तुंबत, आणि हे बर्फ नसून पाण्याच्या रेणूंच्या पिंजऱ्यात वायूचे रेणू अडकून बनलेले हायड्रेट नावाचे घनद्रव्य आहे, हे हॅमरश्मिटने 1934 मध्ये दाखवून दिले. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी डेव्हीने अभ्यासलेला क्लोरीनचा हायड्रेट तोवर प्रयोगशाळेतले एक नवल म्हणूनच राहिला होता.

वाहिनीत पाणी साचू द्यायचे नसेल तर ते किती आहे हे आधी कळायला हवे. यासाठी अमेरिकेच्या खाण विभागातील डीटन आणि फ्रॉस्ट यांनी 1938 मध्ये मांडलेले उपकरण साधे होते: दाब सोसणाऱ्या कोठीत झिलईदार धातूचा लहान आरसा, त्याच्या पाठीमागे प्रसरणाने थंड होणारा प्रोपेनसारखा वायू, शेजारी तापमापक आणि समोर पाहण्यासाठी जाड काच. दवबिंदू जवळ आला की आरसा मिनिटाला सुमारे एक अंश फॅरनहाइट इतक्या धिम्या गतीने थंड करावा लागे, कारण घाई केल्यास दव दिसेपर्यंत तापमान बरेच खाली गेलेले असे. म्हणजे मापनाची अचूकता यंत्राइतकीच पाहणाऱ्याच्या नजरेवर आणि धीरावर अवलंबून होती. पाण्याचे दव आरशावर धुरकट डागासारखे उमटे. हायड्रोकार्बनांचा पापुद्रा मात्र पातळ, पारदर्शक, फार तर इंद्रधनुषी छटेचा असे, आणि तो नवख्याच्या नजरेतून सहज निसटे.

हायड्रोकार्बनांबाबत दुसरी अडचण अधिक मूलगामी होती. डच भौतिकशास्त्रज्ञ क्यूनेन यांनी 1892 मध्ये दाखवल्याप्रमाणे वायुमिश्रणात दाब कमी केल्यानेही द्रव निर्माण होऊ शकतो, त्यामुळे हायड्रोकार्बन दवबिंदू वाहिनीच्या पूर्ण दाबाला कमाल असेलच असे नाही, तो मधल्याच एखाद्या दाबाला सर्वांत वर जातो. पुढे खडबडीत पृष्ठभागावरील प्रकाशाचे विखुरणे टिपणारी स्वयंचलित उपकरणे आल्यावर नजरेवरची भिस्त कमी झाली, पण दाबाचा प्रश्न उरलाच. म्हणूनच युरोपातील वायुव्यवहारासाठी 2005 मध्ये सुचवलेल्या निकषांत पाण्याचा दवबिंदू 70 बार या एकाच दाबाला उणे 8 अंश सेल्सिअस असा नेमून दिला गेला, तर हायड्रोकार्बनांसाठीची उणे 2 अंशांची मर्यादा 1 ते 70 बार या सबंध पल्ल्याला लागू करण्यात आली.