सेनासाहेबसुभा : एका हुद्द्याची कुळकथा

नागपुरात महाल भागात गेलात की भोसल्यांचा उल्लेख ‘राजे’ असाच ऐकू येतो. त्यांचा मूळ किताब मात्र राजाचा नव्हता. तो होता सेनासाहेबसुभा, म्हणजे धन्याच्या वतीने फौज आणि मुलूख सांभाळणारा.

यातला सुभा मोगली. 1596 मध्ये अकबराने वऱ्हाड घेऊन त्याचा सुभा केला. खाली सरकारे, त्यांखाली परगणे. सुभेदाराकडे फौज आणि बंदोबस्त, दिवाणाकडे वसूल, आणि दोघेही थेट बादशहाला जबाबदार. एकाने दुसऱ्याच्या चुगल्या कराव्यात, अशीच ही मांडणी. शिवाय सुभेदाराची सतत बदली. बापाच्या जागी मुलगा बसू नये, हीच तर त्यातली मेख होती.

मराठ्यांनी नेमकी तीच उपटली. राजाराम महाराजांच्या काळात वऱ्हाड-गोंडवनात परसोजी भोसल्यांची मुलूखगिरी चाले. त्यांना हा किताब मिळाला. 1707 मध्ये राजारामांचे पुतणे शाहू मोगलांच्या कैदेतून सुटून आले तेव्हा हे खरे शाहू की तोतया, अशी कुजबुज होती. परसोजी त्यांच्याबरोबर एका ताटात जेवले आणि शंका मिटली, असे सांगतात. शाहूंनी किताब कायम केला आणि हुद्द्याचे वतन होऊ लागले. परसोजींमागे त्यांचा मुलगा कान्होजी गादीवर आला. पण त्याचे साताऱ्याशी, म्हणजे शाहूंच्या दरबाराशी, बिनसले, तेव्हा शाहूंनी हुद्द्याची वस्त्रे त्याच्याच घरातल्या रघूजीला दिली. रघूजीने वणीजवळ मंदरला कान्होजीला पकडले.

नागपूर तेव्हा गोंडांचे. देवगडच्या गोंड राजाने, बख्त बुलंदाने, ते 1702 मध्ये वसवले होते. त्याच्या मुलाच्या, चांद सुलतानाच्या, मृत्यूनंतर वारसाचा तंटा पेटला आणि त्याची राणी रतनकुंवर हिने रघूजीला मदतीला बोलावले. रघूजी आला तो राहिलाच. चांद सुलतानाचा मुलगा बुऱ्हाणशहा याला त्याने गादीवरून काढले नाही. मान गोंड राजाचा आणि कारभार भोसल्यांचा, अशी सोय केली. मोठा हिशेबी माणूस! बंगालच्या नवाबाशी झालेल्या 1751 च्या तहाने ओडिशा हाती आल्यावर कटकला शिवभट साठे बसले. म्हणजे सुभ्यानेच आता सुभेदार नेमला.

वतन झाले की भाऊबंदकी आलीच. 1755 मध्ये रघूजी वारला आणि त्याच्या मुलांचे, जानोजी-मुधोजींचे, भांडण पुण्याला गेले. पेशव्यांनी नजराणा ठरवून जानोजीला किताब दिला, मुधोजीला सेनाधुरंधर केले. निपुत्रिक जानोजीने मुधोजीचाच मुलगा, दुसरा रघूजी, वारस नेमला. जानोजीमागे त्यांचा भाऊ साबाजी आडवा आला. 26 जानेवारी 1775 ला पाचगावच्या लढाईत मुधोजी घेरला गेला. शरण ये म्हणत साबाजीने हत्ती जवळ आणला, आणि मुधोजीने त्याला गोळी घातली. इतके करूनही किताब मुलाच्याच नावाचा राहिला, बाप कारभारी.

1803 च्या इंग्रजांशी झालेल्या देवगावच्या तहात कटक आणि वर्धा नदीपलीकडचे वऱ्हाड गेले. 1826 च्या तहात इंग्रजांनी साताऱ्याशी असलेला संबंधही तोडायला लावला. वस्त्रे देणारा धनी असा कागदोपत्री बदलला. डिसेंबर 1853 मध्ये तिसरे रघूजी निपुत्रिक वारले. घरातल्या बायकांनी यशवंतरावाला दत्तक घेतले. गव्हर्नर-जनरल डलहौसीने ते मानले नाही आणि 1854 मध्ये राज्य खालसा केले. दत्तकपुत्राला पुढे ‘राजेबहादूर’ किताब मिळाला, तो नागपूरचा नव्हे, तर देऊरचा. देऊर हे सातारा जिल्ह्यातले गाव.