ठाण्याची भिंत आणि भीतीची शिडी

"याला आता ठाण्याला पाठवायला हवे!" हे वाक्य मुंबईच्या चाळींतून आणि कोकणातल्या ओट्यांवरून एके काळी सर्रास ऐकू येई. बोलणारा हसत बोले, ऐकणारेही हसत. आपण ठाणेकरांनी ही थट्टा दोन-तीन पिढ्या मुकाट्याने सोसली. १९०१ साली आपल्या गावात मनोरुग्णालय उभे राहिले. नरोत्तमदास माधवदास यांचे नाव त्याला मिळाले. आणि गावाचे नाव वेडाशी जोडले गेले ते कायमचे. हे दैव थोडेसे चमत्कारिक खरे. पण त्या थट्टेच्या पोटात एक समजूत दडलेली होती, आणि ती तपासून पाहणे हा आजच्या विवेचनाचा हेतू आहे. मनाचा आजार म्हणजे वेड, आणि वेड म्हणजे भिंतीआड ठेवण्याची गोष्ट, ही ती समजूत.

आता आम्ही ज्या व्याधीचा इतिहास सांगणार आहोत, ती त्या भिंतीकडे क्वचितच गेली असेल. ती घरातच राहिली, आणि घरानेच ती लपवली. आपल्या भाषेत तिला जुने नाव आहे: मंत्रचळ. हात धुतले तरी ते धुतलेच नाहीत असे वाटणे; कुलूप ओढून पाहिल्यावर जिन्यावरून परत फिरून पुन्हा ओढणे; देवापुढे उभे असता नको तो विचार मनात येणे आणि त्याच्या प्रायश्चित्तासाठी सारे स्तोत्र पहिल्यापासून म्हणणे. यातला मनुष्य वेडा नसतो. आपण करतो ते निरर्थक आहे हे त्याला बहुधा पुरते कळत असते, आणि दुःख नेमके तेच असते. आपल्याकडे सोवळ्याओवळ्याचा पडदा इतका दाट होता, की घरातली एखादी बाई चार-चार घागरी पाणी हातांवर ओतीत बसली तरी "कडक सोवळ्याची आहे हो" एवढे म्हणून शेजारी गप्प बसत. तिच्या हातांची सालपटे निघत, मुले तिच्या स्पर्शाला पारखी होत, आणि आजाराला मात्र आचाराचा मान मिळे.

युरोपातल्या वैद्यांनी या व्याधीचा कसून विचार केला. पॅरिसच्या पिएर जाने यांनी १९०३ साली तिच्यावर मोठा ग्रंथ लिहिला. फ्रॉइड यांनी १९०९ साली अशाच एका रुग्णाची सविस्तर हकिगत प्रसिद्ध केली. व्याधी समजली, पण हटेना. स्वतः फ्रॉइड यांनीच १९१८ साली बुडापेस्ट येथील भाषणात एक कबुली दिली. रस्त्यावर एकटे जाण्यास भिणारा रुग्ण नुसत्या मनोविश्लेषणाने बरा होण्याची वाट पाहत बसू नये. त्याला बाहेर पडावयास आणि भीतीशी झुंजावयास लावले पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते. इतक्या मोठ्या माणसाचे हे शब्द, पण पुढची कित्येक वर्षे ते जवळजवळ कागदावरच राहिले.

मध्यंतरी अमेरिकेत मेरी कव्हर जोन्स या संशोधिकेने १९२४ साली एक साधा प्रयोग नोंदवला होता. पीटर नावाचा तीनएक वर्षांचा मुलगा सशाला भिई. त्याला आवडीचा खाऊ द्यावयाचा आणि ससा दूर ठेवावयाचा. मग दररोज थोडा थोडा जवळ आणावयाचा. अखेरीस पोर सशाला कुरवाळू लागले. दक्षिण आफ्रिकेतील जोसेफ वोल्पी यांनी १९५८ च्या आपल्या ग्रंथात हीच पायरीपायरीची रीत प्रौढांसाठी शास्त्रशुद्ध केली. तथापि मंत्रचळ त्यांच्याही रीतीला सहजासहजी दाद देईना.

ती दाद मिळाली १९६६ साली, लंडनच्या मिडलसेक्स रुग्णालयात. व्हिक्टर मेयर यांनी दोन रुग्णांची हकिगत प्रसिद्ध केली. त्यांतील एक बाई धुण्यापुसण्याच्या पायी जीव नकोसा झालेली होती. मेयर यांनी दोन गोष्टी एकदम केल्या. जिची किळस वाटते ती वस्तू तिला हाताळावयास लावली, आणि नंतर हात धुऊ दिले नाहीत. परिचारिका दिवसभर सोबत बसत. भीती चढली, शिगेला पोचली आणि पाण्यावाचूनच ओसरली. १९७४ पर्यंत मेयर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे १५ रुग्ण हाताळले; त्यांतील १० जणांना उत्तम गुण आला. जी व्याधी दुःसाध्य म्हणून सोडून दिलेली, तिच्या बाबतीत हे फळ थोडे नव्हे. पुढे लंडनमध्ये आयझॅक मार्क्स व स्टॅन्ली रॅकमन यांनी आणि अमेरिकेत एडना फोआ यांनी ही रीत पारखून घेतली, आणि आज मंत्रचळाच्या उपचारांत तिचे स्थान पहिल्या रांगेत आहे.

यात मर्म काय, ते पाहू. भीती ही सावकारासारखी असते. हात धुतले की घटकाभर सुटका होते. पण ते व्याज झाले, मुद्दल वाढतच राहते. उद्या दोनदा धुवावे लागतात, परवा दहादा. व्याज देणे थांबवले की सावकार आरडाओरडा करतो खरा. पण आपण दार उघडले नाही, तर थकून जातो. अलीकडचे संशोधक आणखी एक गोष्ट सांगतात. भीती ओसरणे एवढेच पुरेसे नाही. "ज्याला मी भीत होतो ते घडलेच नाही, आणि अस्वस्थपणा मला सोसता आला" हा नवा धडा मनाने घेणे महत्त्वाचे.

आता हा प्रवाह आपल्या गावी कसा आला? त्याचा एक धागा न्यूयॉर्कला जातो. अल्बर्ट एलिस हे एकोणीस वर्षांचे असताना परक्या स्त्रीशी बोलावयास थरथर कापत. त्यांनी ब्राँक्समधील वनस्पतिउद्यानात महिनाभर रोज जाऊन, बाकावर बसलेल्या शंभरेक स्त्रियांशी मुद्दाम बोलणे काढले. यश म्हणावे असे काही पदरी पडले नाही. भीती मात्र गेली! याच एलिस यांनी पुढे विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली, आणि तिच्यात विचार तपासण्याइतकेच भीतीला सामोरे जाण्याच्या गृहपाठाला महत्त्व दिले. मुंबईचे कि. मो. फडके यांनी १९६८ पासून एलिस यांच्याशी दीर्घ पत्रव्यवहार केला, ही पद्धती आत्मसात केली आणि मराठी माणसाला मराठीतून शिकवली. डॉ. आनंद नाडकर्णी यांनी ती उचलली. आणि १९९० साली याच ठाण्यात त्यांनी 'इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ' ही संस्था उभी केली. रुग्णाने घरून यावे, बोलावे, शिकावे आणि घरी परत जावे, अशी ही जागा. ज्या गावाचे नाव भिंतीशी जोडले गेले होते, त्याच गावात भिंतीवाचून उपचार रुजला. कायदाही हळूहळू बदलला: १९१२ चा कायदा 'वेड्यांचा' होता, २०१७ चा कायदा रुग्णाच्या हक्कांची भाषा बोलतो.

आपल्या कल्याण-डोंबिवलीच्या माणसाला ही रीत समजावण्यास आगगाडीसारखे साधन नाही. गर्दीच्या डब्यात जीव घुसमटतो म्हणून नोकरी सोडण्याच्या बेतात आलेला मनुष्य घ्या. त्याला पहिल्याच दिवशी सकाळी आठच्या जलद गाडीत कोंबणे हा उपचार नव्हे, ती शिक्षा होईल. प्रथम डोंबिवलीच्या फलाटावर अर्धा तास नुसते उभे राहावे. मग दुपारच्या रिकाम्या गाडीने कोपरपर्यंत जावे. मग दिवा, मग मुंब्रा, कळवा, ठाणे. प्रत्येक स्थानकावर भीती चढेल, आणि डबा न सोडता थांबले तर उतरेल. शेवटी सकाळची गर्दी. मंत्रचळाची शिडीही अशीच: आधी दाराच्या कडीला हात, मग जिन्याच्या कठड्याला, मग स्टेशनावरच्या पुलाच्या दांड्याला, आणि दर खेपेस ठरलेला वेळ पाण्याला शिवावयाचे नाही. शिडी जाणकाराच्या सल्ल्याने बांधावी, रुग्णाच्या संमतीने चढावी. व्याधी तीव्र असेल तर औषधांची जोडही लागते.

शेवटी घरच्यांविषयी. या इतिहासात आम्हांला सर्वांत अवघड वाटते ती मेयर यांच्या परिचारिकांची भूमिका, कारण आपल्याकडे ती आईला, नवऱ्याला, मुलाला करावी लागते. "कुलूप लागले ना रे?" असे आई दहाव्यांदा विचारते, आणि आपण दहाव्यांदा "लागले, लागले" म्हणतो. हे आपण प्रेमाने करतो. पण ते व्याजच असते, आणि ते आपण तिच्या वतीने भरीत असतो. २०२० च्या साथीत तर साऱ्या जगाला हात धुण्याचा उपदेश झाला. तेव्हा किती घरांतील शंकेला नवे बळ मिळाले असेल, याचा अंदाज आपणच करावा. म्हणून चिडणे नको, थट्टा नको, आणि खोटा दिलासाही नको. "आई, तुला भीती वाटते आहे हे मला कळते. मी उत्तर देणार नाही, पण इथे तुझ्याजवळ बसतो," एवढे म्हणावे आणि खरेच बसावे.

भिंत बांधावयास दाते लागले, सरकार लागले. ही शिडी मात्र घरातल्या एका माणसाच्या सोबतीने उभी राहू शकते, आणि तेवढी सोबत आपणांपैकी प्रत्येकाला देता येण्यासारखी आहे.