सरकारी वकील ते आरोपींचा वकील: रॉय कोह्न

मार्च १९५१, न्यूयॉर्क. ज्यूलियस आणि एथेल रोझेनबर्ग या दांपत्यावर सोव्हिएत संघासाठी हेरगिरीचा कट रचल्याचा खटला सुरू होता. अमेरिकेच्या संघराज्य सरकारतर्फे उभ्या असलेल्या वकिलांत २४ वर्षांचा रॉय कोह्न होता. एथेलचा सख्खा भाऊ डेव्हिड ग्रीनग्लास याची सरतपासणी त्यानेच घेतली. अणुबॉम्बविषयीची टिपणे बहिणीने टंकलिखित केली, असे डेव्हिडने शपथेवर सांगितले. एथेलविरुद्धचा सर्वांत घातक पुरावा हाच. १९ जून १९५३ रोजी पती-पत्नीला विजेच्या खुर्चीत देहदंड दिला गेला.

ज्यूलियस हेर होता, याविषयी आज शंका उरलेली नाही. एथेलचे तसे नाही. टंकलेखनाची ती गोष्ट आपल्याला आठवतच नव्हती, अशी कबुली डेव्हिडने २००१ मध्ये दिली. त्याला स्वतःच्या पत्नीला वाचवायचे होते.

पुढे मॅकार्थींच्या समितीचे वकीलपद सोडून कोह्न खासगी वकिलीत उतरला. माफियांचे म्होरके त्याचे अशील झाले. तो स्वतःही तीनदा आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहिला आणि तिन्ही वेळा निर्दोष सुटला. १९६९ च्या खटल्यात आपला वकील आजारी पडताच अखेरचा युक्तिवाद त्याने स्वतःच केला. साक्षी कशा उभ्या राहतात, हे त्याच्याइतके कोणाला ठाऊक असणार?

जून १९८६ मध्ये न्यायालयाने त्याची सनद रद्द केली. ठेवलेल्या ठपक्यांपैकी एक असा: रुग्णालयात मरणासन्न असलेल्या अशिलाकडून त्याने मृत्युपत्रातील फेरबदलावर सही घेतली होती. ऑगस्टच्या प्रारंभी तो वारला.