किल्लीवरून कप्पा

आपल्या पेढ्यांवर कीर्द तारखेच्या क्रमाने आणि खतावणी खातेदाराच्या नावाने लिहीत. संगणकाच्या व्यवहारात जिला डिक्शनरी म्हणतात, ती या खतावणीचीच जातकुळी सांगते, कारण तिच्यातही प्रत्येक नोंद एका किल्लीखाली जमा असते. तिची हल्लीची घडण मात्र ज्या कल्पनेवर उभी आहे, ती आयबीएम कंपनीच्या सेवेतील जर्मन वंशाचे अभियंते हान्स पीटर लून यांनी जानेवारी १९५३मध्ये एका अंतर्गत टिपणात मांडली. सारे दफ्तर धुंडाळण्याऐवजी किल्लीवरच गणित करून नोंदीचा कप्पा ठरवावा, हे तिचे मर्म. दूरध्वनीचा क्रमांक ३१४१५९२६५२ असेल, तर त्याच्या ३१, ४१, ५९, २६, ५२ अशा जोड्या पाडाव्यात, प्रत्येक जोडीतील अंकांची बेरीज करावी आणि १४ आले तेथे दशकाचा अंक टाकावा, म्हणजे ४५४८७ हा कप्पा हाती येतो.

पुढे हॅशिंग या नावाने रूढ झालेल्या या युक्तीने एका किल्लीचा शोध निमिषार्धावर आला खरा, परंतु त्यासाठी क्रमाचा बळी द्यावा लागला: ३१ऐवजी १३ने आरंभ होणारा क्रमांकही, बाकीचे अंक तेच असतील तर, त्याच कप्प्यात जाऊन बसतो. सौदा फायद्याचा होता, हे माझे मत. तथापि ‘अमुक अक्षराने आरंभ होणाऱ्या सर्व किल्ल्या वेचून द्या’ असे फर्मान सुटले, की यंत्राला पहिल्या नोंदीपासून शेवटच्या नोंदीपर्यंत हजेरी घेणे भाग पडते. हव्या असलेल्या किल्ल्यांची यादी हाती असेल, तर मात्र यादीच्या बाजूने जावे. लाख नोंदींतून दहा काढायला दहाच विचारणा पुरतात, ही साधी गोष्ट जाणते प्रोग्रामरही विसरतात.

नको त्या नोंदी जागच्या जागी खोडण्याचा मोह होतो, पण पायथॉन भाषेत डिक्शनरीवरून फेरा चालू असताना तिची नोंद काढली, की पुढच्याच पावलाला यंत्र हरकत घेऊन काम थांबवते. म्हणून निवडक नोंदींची नवी डिक्शनरी करण्याचा रिवाज पडला. ती एका ओळीत लिहिता यावी, असा प्रस्ताव बॅरी वॉर्सॉ यांनी २००१ साली मांडला होता. अंमल झाला तो २००८च्या ३.० आणि २०१०च्या २.७ या आवृत्त्यांत.