घेणारीच देणारी झाली



तळेगाव ढमढेरे, शिक्रापूर, न्हावरे, शिरूर, तिकडे दौंड. आपल्या या भागातली एखादी मुलगी कॉलेज पुरं करते, तेव्हा तिच्या पदवीच्या कागदावर एका बाईचं नाव छापलेलं असतं. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ. १९४९ साली सुरू झालेल्या पुणे विद्यापीठाला हे नाव २०१४ साली मिळालं. आपण तो कागद फ्रेम करून भिंतीवर लावतो, पेढे वाटतो. विद्यापीठ म्हणजे पुण्यातल्या मोठ्या इमारती, तिथे शिकलेल्या माणसांचं काम, आपला काय संबंध, असं मात्र आपल्याला वाटत राहतं.

संबंध आहे, आणि जुना आहे. आज आम्ही तोच सांगणार आहोत. सांगता सांगता एक फरकही तपासून बघू. मदत कशाला म्हणायचं आणि न्याय कशाला? भुकेल्याला भाकरी दिली, ती मदत. त्याच भुकेल्याला आपल्या पंगतीत बसवलं आणि उद्या वाढपी म्हणून उभं केलं, तर तो न्याय. आपल्या जिल्ह्यातल्या बायकांनी मदतीपासून न्यायापर्यंतची ही वाट पायी काढली आहे.

सुरुवात दुष्काळापासून करू. तो काही आपल्याला नवा नाही.

१८७५ साल. सावकारी कर्जाखाली शेतकरी पिचून गेला होता. १२ मे रोजी सुप्याच्या बाजारात लोकांचा संताप फुटला. सावकारांची गहाणखतं आणि कर्जरोखे बाहेर काढून जाळले गेले. ही आग आपल्या शिरूर तालुक्यातही पसरली. त्यातून सावरायच्या आत १८७६-७७ चा मोठा दुष्काळ पडला. जनावरं मेली, माणसं गाव सोडून निघाली.

त्या वेळी सावित्रीबाई जुन्नर तालुक्यात ओतूरला होत्या. २० एप्रिल १८७७ रोजी त्यांनी तिथून जोतीरावांना लिहिलेलं पत्र आज उपलब्ध आहे. सत्यशोधक समाजाची माणसं दुष्काळग्रस्तांसाठी राबत होती. सावकारांचा जाच चालूच होता आणि त्यातून दंगा झाला. सरकारने सत्यशोधक कार्यकर्त्यांनाच धरलं. कलेक्टरने सावित्रीबाईंना बोलावून घेतलं. खरा प्रकार काय, ते त्यांनी त्याच्या तोंडावर सांगितलं. कार्यकर्ते सुटले, आणि कलेक्टरने मदतीसाठी ज्वारीच्या चार गाड्या पाठवल्या.

दीडशे वर्षांपूर्वी एक बाई साहेबासमोर उभी राहून बोलते, हे डोळ्यासमोर आणून बघा. त्यांनी अन्नासाठी पदर पसरला नाही. आमची माणसं निर्दोष आहेत, एवढं त्यांनी ठणकावून सांगितलं, आणि धान्य त्याच्या मागून आलं. पुण्याजवळ धनकवडीलाही जोतीराव-सावित्रीबाईंनी दुष्काळातल्या मुलांच्या जेवणाची सोय केली. पुढे १८९७ साली प्लेग आला. रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाईंना त्याची लागण झाली आणि १० मार्चला त्या गेल्या. मुलींच्या कागदावरचं नाव त्या बाईचं आहे.

आता दुसरी कहाणी, त्याच सुमाराची. धोंडो केशव कर्वे पुण्यात फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवायचे. त्यांची पहिली बायको वारली. १८९३ साली त्यांनी गोदूबाई नावाच्या विधवेशी लग्न केलं. गोदूबाई पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकलेल्या होत्या. या लग्नापायी कोकणातल्या त्यांच्या गावाने, मुरुडने, त्यांना वाळीत टाकलं. कर्व्यांनी १८९६ साली पुण्यात विधवांसाठी आश्रम काढला. पुढे १९०० साली तो गावाबाहेर हिंगण्याला गेला. एका दात्याने जमीन दिली, तिथे झोपडी बांधली. कर्वे कॉलेजातलं शिकवणं उरकून रोज पायी हिंगण्याला जायचे. आज त्या भागाला कर्वेनगर म्हणतात आणि तिथे शहर पार दाटून गेलं आहे. तेव्हा ते रान होतं.

आश्रमाला पैसा लागे. तो आणायचा कुठून? राजे-महाराजे थोडेच दारात उभे होते? मग चार आणे, आठ आणे, रुपया अशी वर्गणी मागायची. पुढे भाऊबीज निधी सुरू झाला. भाऊबीजेला भाऊ बहिणीला ओवाळणी घालतो, तशी शिकणाऱ्या बहिणींसाठी घरोघरच्या भावांनी ओवाळणी द्यायची. बघा, शब्दानेच केवढा फरक पडला! भीक मागणारीला माणूस दारातून परत पाठवू शकतो. ओवाळणी मागणाऱ्या बहिणीला नाही म्हणणं जड जातं, कारण ओवाळणी हा तिचा मान असतो.

ही वर्गणी मागत फिरणाऱ्यांत एक बाई होत्या, पार्वतीबाई आठवले. गोदूबाईंची सख्खी बहीण. जन्म १८७० चा, देवरुखचा. अकराव्या वर्षी लग्न झालं आणि विशीतच वैधव्य आलं. पदरी लहान मुलगा. आश्रमाला आल्या तेव्हा त्या मदत घेणाऱ्याच होत्या. चांगल्या वाढत्या वयात पाटी-पेन्सिल हातात घेतली, शिकल्या आणि आश्रमातच काम करू लागल्या. मग आश्रमाची झोळी त्यांनी खांद्यावर घेतली आणि गावोगाव फिरल्या. सभेत उभं राहून बोलल्या. विधवेने चारचौघांत तोंड दाखवणं जिथे अपशकुन मानत, त्या काळातली ही गोष्ट आहे. १९१२ साली त्यांनी केशवपनाची रूढी स्वतःपुरती मोडली आणि केस वाढवले. त्यावरूनही बोलणी खाल्ली.

१९१८ साली, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, पार्वतीबाई अमेरिकेला निघाल्या, त्याही एकट्या. इंग्रजी शिकायचं आणि संस्थेला मदत मिळवायची, एवढाच इरादा. हाती पुरेसा पैसा नाही, भाषा येत नाही, जेवण शाकाहारी. पोट भरायला आणि बोली शिकायला त्यांनी तिथल्या लोकांच्या घरी घरकाम केलं. परत आल्यावर आपली सगळी हकीगत त्यांनी 'माझी कहाणी' या पुस्तकात लिहिली. आपल्यातल्या ज्या मैत्रिणी पुण्यात, रांजणगावात दुसऱ्यांच्या घरी कामाला जातात, त्यांनी हे ध्यानात ठेवावं. घरकाम करणाऱ्या त्या हातांनी एका शिक्षणसंस्थेसाठी पैसा आणला आहे.

इकडे कर्व्यांच्या डोक्यात आणखी मोठी गोष्ट होती. जपानमधल्या स्त्रियांच्या विद्यापीठाची माहिती देणारी एक पुस्तिका त्यांच्या हाती आली होती. १९१६ साली त्यांनी पुण्यात महिला विद्यापीठ सुरू केलं. शिकवणं मातृभाषेतून. इंग्रजी हा एक विषय, पण शास्त्र, इतिहास, आरोग्य हे सगळं आपल्या बोलीत. पदवीचं नावही संस्कृतातून घडवलं, गृहीतागमा. पहिल्यांदा आलेल्या मुली बोटांवर मोजण्याइतक्या. लोक हसले. चार मुलींचं कसलं विद्यापीठ? मग १९२० साली मुंबईचे विठ्ठलदास ठाकरसी यांनी आईच्या स्मरणार्थ १५ लाख रुपये दिले आणि विद्यापीठाला त्या माउलीचं नाव लागलं. श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठ, म्हणजे आपण ज्याला एसएनडीटी म्हणतो ते. पंधरा लाखांची पाटी लागली, ते ठीकच झालं. पण ते पंधरा लाख यायच्या आधी वीस-बावीस वर्षं हे काम चार-आठ आण्यांवर तगून राहिलं होतं. आपल्या बचत गटाची पेटी बघताना एवढं विसरायचं नाही.

आता एक कडू गोष्टही सांगितली पाहिजे, नाहीतर इतिहास अर्धाच राहील. हिंगण्याचा आश्रम सुरू झाला तो उच्चवर्णीय घरांतल्या विधवांसाठी. कुणबी, माळी, महार, मांग घरांतल्या बाईला त्या दारातून आत जागा नव्हती. फुले पतिपत्नींनी मात्र त्याच्या पन्नास वर्षं आधी सगळ्या जातींतल्या मुलांमुलींसाठी शाळा काढल्या होत्या. म्हणजे दान तेच, कष्टही तेच, पण दार कोणासाठी उघडं, यावर ते न्यायापर्यंत पोचतं की नाही हे ठरतं. कर्व्यांनीही पुढे वाट रुंद केली. १९३६ साली त्यांनी खेड्यातल्या प्राथमिक शाळांसाठी मंडळ काढलं. १९४४ साली, वय ऐंशीच्या पुढे गेलेलं असताना, माणसामाणसांतला भेद घालवण्यासाठी समता संघ काढला. ऐंशी वर्षांच्या माणसाला आपलं काम अपुरं वाटतं, तर आपण चाळिशीत का थांबावं?

स्वातंत्र्यानंतर मदत आणि हक्क यांचं नातं पुन्हा एका दुष्काळाने बदललं. १९७२ चा दुष्काळ आपल्यातल्या आजीबाईंना चांगला आठवतो. खडी फोडलेली, मिलोची लाल भाकरी खाल्लेली. ते दुष्काळी काम सरकारच्या मर्जीवर होतं. त्यातून वि. स. पागे यांच्या कल्पनेची रोजगार हमी योजना पुढे आली आणि १९७७ साली तिचा कायदा झाला. मागेल त्याला काम, हा हक्क झाला. खडी फोडणाऱ्या हातांत लाखो हात बायकांचे होते.

विद्यापीठं त्या दुष्काळाच्या आधीच गावाकडे वळली होती. गांधीजींच्या जन्मशताब्दीचं वर्ष होतं. २४ सप्टेंबर १९६९ रोजी देशातल्या ३७ विद्यापीठांत राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. पहिल्या वर्षी ४० हजार विद्यार्थी त्यात होते. 'माझ्यासाठी नव्हे, तुमच्यासाठी' हे तिचं ब्रीद. विद्यार्थ्याने वर्षाला १२० तास समाजाचं काम करायचं आणि एका गावात सात दिवस शिबिर करायचं, असा तिचा नेम. आपल्या गावांत शाळेत नाहीतर देवळात मुक्कामाला येणारी, फावडी-घमेली घेऊन बंधारा घालणारी, रात्री पथनाट्य करणारी मुलंमुली आपल्याला माहीत आहेत. ती याच योजनेतली.

या शिबिरांचं मोल आम्हाला कशात वाटतं? बंधारा पावसात वाहूनही जाईल, झाडं उन्हात जळूनही जातील. पण सात दिवस सगळ्या जातीधर्मांची मुलं एका चुलीवरचं खातात, एका सतरंजीवर झोपतात, ते वाहून जात नाही. आपल्या भागाला याची किंमत जास्त कळते. १ जानेवारी २०१८ रोजी शेजारच्या कोरेगाव भीमा आणि सणसवाडीच्या परिसरात हिंसाचार झाला. एका तरुणाचा जीव गेला, गाड्या-दुकानं जळाली. जळालेल्या दुकानाची नुकसानभरपाई मिळू शकते. विहिरीवर, दळणाच्या गिरणीत, एसटीच्या थांब्यावर रोज भेटणाऱ्या दोन बायकांच्या मनात भीती बसली, तर तिची भरपाई कोण देणार? शांतता पोलिसांच्या गाडीतून येते आणि गाडीबरोबर जाते. सलोखा मात्र एकत्र काम करण्यातूनच येतो, आणि तो टिकतो.

मग आपण काय करायचं? शिबिराची मुलं आली की आपण त्यांना भाकऱ्या थापून देतो. ते द्यावंच. पण तेवढ्यावर थांबू नये. गावात कोणतं काम करायचं हे ठरवायला सरपंच, ग्रामसेवक आणि प्राध्यापक बसतात, तेव्हा गटाच्या दोघी-तिघींनी तिथे जाऊन बसावं. सांगावं, की कमानीला रंग नको, आमच्या वस्तीवरच्या नळाचं सांडपाणी जिरवायला शोषखड्डे हवेत. मुलींना सांगावं, की आमच्या गटाचे हिशोब तपासून द्या, रेशनचे आणि पेन्शनचे अर्ज भरायला शिकवा, नुसते भरून देऊ नका. वस्ती कोणती निवडली, कोणती सुटली, तेही विचारावं. बहुतेक वेळा जी सुटते, तिथेच काम जास्त असतं. आणि आपणही त्यांना शिकवावं. बियाणं कसं राखायचं, ओली बाळंतीण कशी सांभाळायची, दोन भांडणाऱ्या घरांत शब्द कसा टाकायचा, हे कुठल्याही पुस्तकात धड मिळत नाही.

पार्वतीबाई घ्यायला आल्या आणि द्यायला लागल्या. सावित्रीबाईंनी धान्याआधी न्याय मागितला. दान पावलं की आपण हात जोडतो, ती आपली रीत चांगली आहे. हात जोडून झाले, की त्याच हातांनी काम वाटून घ्यायचं आणि पुढच्या बाईसाठी दार उघडं ठेवायचं.

यंदा आपल्या गावात शिबिर लागेल, तेव्हा गटाच्या बैठकीत हा विषय घ्या. काय मागायचं आणि काय द्यायचं, याच्या दोन याद्या करा. दोन्ही याद्या सारख्या लांब निघाल्या पाहिजेत.